दोन वाजताचा हल्ला

"ताई, आज दोन वाजता हल्ला आहे. त्याच्या आधी लाइन चालू पाहिजे."

कटरे काका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. मी गोंदियात इंटरनेटच्या जोडण्या देते. रविवारी सकाळी येणाऱ्या फोनचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. कोणाची मालिका मध्येच अडकलेली असते, कोणाला अर्ज भरायचा असतो, कोणाला नुसतं भांडायचं असतं. पण हल्ला आहे म्हणून घाई करणारं गिऱ्हाईक तोवर मिळालं नव्हतं. मी विचारलं, "कुठे हल्ला?" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आमच्या घरी. बिरसीले. चार विमानं येतील."

आता बिरसीला विमानतळ आहे, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं तिथे दिवसभर घिरट्या घालतात. त्यामुळे मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं त्या आवाजाने फिरलेलं दिसतं. पण बिल भरणाऱ्याचं डोकं कसंही असो, लाइन चालू करून देणं माझं काम. लाइनमन गावाला गेला होता. मी गाडीच्या टपावर शिडी बांधली आणि निघाले.

गावाच्या शेवटी घर. मागे धानाच्या बांध्या, बाजूला बोडीचं छोटं तळं. दारात उभा असलेला माणूस सत्तरीचा, ताठ, इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीची पँट आणि घरात, फरशीवर, पॉलिश केलेले काळे बूट. मागून काकूंचा आवाज आला, "पाहून घ्या बाई. सहा दिवस चपलीत फिरते हा मानूस. रविवार आला की बूट. माही फरशी मी पुसतो, यायले काय."

खारीने तार कुरतडली होती. मी नवी ओढून दिली. काकांनी आत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन म्हणाले, "लाइन ओके. आता बसा आणि पाहा." मला जायचं होतं. पण काकूंनी हातात चहा दिला, आणि गरम चहा घेऊन कोणी उभ्याने निघत नाही.

तेव्हा मला कळलं की हल्ला कॉम्प्युटरवरचा. लढाऊ विमानं उडवण्याचा एक खेळ आहे. विमानाच्या आतली बटणं, काटे, सगळं खऱ्यासारखं. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून त्यात विमानं उडवतात. त्या खेळात काकांना विमान मात्र उडवायचं नव्हतं. ते जमिनीवर. लांबचं पाहणारं रडार कुठे, नेम धरणारं रडार कुठे, क्षेपणास्त्रांच्या गाड्या कुठे, जवळच्या माऱ्याच्या तोफा कुठे, हे नकाशावर मांडायचं. सोमवार ते शनिवार त्यांची मांडणी चाले. रविवारी दोन वाजता ते उडवणारे येत: नागपूरचे एक दातांचे डॉक्टर, जबलपूरचा एक मिठाईवाला, पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला, आणि अधूनमधून चंद्रपूरचे एक प्राध्यापक. काकांच्या मांडणीतून वाट काढून विमानतळावर बॉम्ब टाकायचा, एवढंच त्यांचं काम. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. ओळख फक्त आवाजाची.

दोन वाजले की काका माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवत. नियम त्यांचा त्यांनीच केलेला. "आता माझ्या हातात काही नाही. जवानांना बसवून दिलं, समजावून दिलं. आता ते जाणोत." पुढचे दोन तास रडार फिरे, क्षेपणास्त्रं सुटत, विमानं पडत आणि हा माणूस बूट घालून, हात मांडीवर ठेवून नुसता पाहत बसे.

खऱ्या आयुष्यातही त्यांनी हेच केलं होतं. वायुदलात होते, क्षेपणास्त्रांच्या तुकडीत. कधी पंजाब, कधी आसाम, कधी वाळवंट. उभी नोकरी आकाशाकडे पाहण्यात गेली आणि खऱ्या शत्रूवर बटण दाबायची वेळ एकदाही आली नाही. कोणी याबद्दल हळहळलं तर त्यांना राग येई. "आली नाही म्हणजे काय? आम्ही होतो म्हणून आली नाही."

त्यांना एकच मुलगी, भिलाईला. जुना कॉम्प्युटर जावयाने ठेवून दिलेला. या घरात येणारं-जाणारं कोणी नव्हतं. निवृत्त होऊन गावात परतले तेव्हा बरोबरीचे लोक एकतर वारले होते किंवा नागपूरला मुलांकडे गेले होते. लाइनसाठी ते इतकी घाई का करतात असं मी दुसऱ्या की तिसऱ्या तक्रारीला जरा तुटकपणेच विचारलं. ते म्हणाले, "ताई, दोन वाजता मी नसलो तर ते पोट्टे दुसरीकडे जातील. या खेळात जागांची कमी नाही. आणि एकदा गेलेला कोणी परत येत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे."

पोट्टे म्हणजे तो दातांचा डॉक्टर पन्नाशीचा.

काकूंना खेळातलं काही कळत नसे, पण रविवारचा स्वयंपाक त्या जास्तीचा करत. मी विचारलं कोणासाठी, तर म्हणाल्या, "आवाज येते ना घरात. आवाज आला की हात आपोआप जास्त घेते पीठ." त्या जेवणाला मग मी बसे. काका हेडफोन वापरत नसत, आवाज स्पीकरवर मोठा ठेवत. काकू स्वयंपाकघरातून येऊन भर हल्ल्यात मध्येच ओरडत, "अरे जबलपूरवाल्या, बायकोले बरं हाये का आता?"

"हाँ काकी, अब ठीक है... अरे मर गया!"

"पाहा, माह्याशी बोलता बोलता गेला बिचारा," म्हणून काकू परत आत.

काकांचं एक म्हणणं होतं, दिसलं म्हणजे मारायचं असं नसते. कुठलंही रडार चालू केलं की ते समोरच्यालाही दिसतं, तेव्हा बंद ठेवून वाट पाहणं ही खरी कला. "धीर पाहिजे. ज्याले धीर नाही त्यानं विमान उडवावं." दुसरं म्हणणं, उंचावरून लांबचं दिसतं पण पायाशी आलेलं दिसत नाही. हे सांगत असताना त्यांनी गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं होतं, आणि काकू कपडा घेऊन ओटा पुसत म्हणाल्या होत्या, "हाव, हाव, तेच पाहून रायली मी."

कुठेही गेले तरी त्यांची नजर जागा शोधत असे. कामठ्याला एका लग्नात आम्ही भेटलो, तर जेवणाच्या रांगेत उभं राहून मला म्हणाले, "मांडव चुकीच्या जागी आहे. पाण्याच्या टाकीआडून कोणी आलं तर कोणाले दिसणार नाही." मी म्हटलं, "काका, येईल तो जेवायलाच येईल." ते म्हणाले, "तरी माहीत पाहिजे." आमच्या वायरलेसच्या खांबाची जागाही त्यांनी सुचवली होती. चिंचेच्या बाजूला उंचवटा आहे, तिथून कामठ्यापर्यंत मोकळं दिसतं म्हणाले. मी ऐकलं. चिंचेला नवी पालवी फुटली आणि अर्ध्या कामठ्याचं इंटरनेट गेलं. खांब हलवण्याचा खर्च मला पडला. ते खांबापाशी येऊन वर पाहत उभे राहिले. म्हणाले, "पानांचा विचार आमच्या वाळवंटात नव्हता."

हीच त्यांची गंमत. ज्ञान खरं, पण खऱ्या जगातलं, आणि म्हणून खेळात ते फसत. सुरुवातीच्या काळातला एक हल्ला ते स्वतःच रंगवून सांगत. खऱ्या तुकडीत रडार एका जागी असतं, क्षेपणास्त्रांच्या गाड्या लांब लांब पांगलेल्या असतात, आणि केबल टाकून सगळं जोडतात. काकांनी खेळातही तशीच मांडणी केली. रडार वेगळं, गाड्या वेगळ्या, प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा क्रमांक. आठवडा घालवून इतकी सुंदर मांडणी केली की म्हणे आमच्या कमांडिंग ऑफिसरने पाहिली असती तर पाठ थोपटली असती. दोन वाजता चार विमानं आली. रडार फिरतंय. विमानं दिसतायत. आणि एकही क्षेपणास्त्र सुटेना. मिठाईवाल्याने डोक्यावर येऊन कोलांट्या मारल्या. खालून एक गोळी नाही.

"कटरेजी, आपके जवान खाना खाने गए हैं क्या?"

काकांना आठवडाभर झोप नाही. शेवटी कळलं की या खेळात केबल नसतेच. रडार आणि गाड्या एकाच गटात घातल्या तरच त्या एकमेकांना ओळखतात. वेगळ्या गटात टाकल्या तर शेजारी शेजारी उभ्या राहूनही एकीला दिसलेलं दुसरीला कळत नाही. खेळाशिवाय दुसरं काही न पाहिलेला कोणीही ही चूक करणार नाही. ती करायला उभी नोकरी तुकडीत काढलेला माणूसच लागतो.

"आमच्या कॉलनीसारखं झालं," मी म्हटलं. "भिंतीला भिंत आणि ओळख नाही." त्यावर ते डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. खरं तर विनोद साधाच होता. पण हसायला त्यांना निमित्तं कमी मिळत असावीत.

त्या मोठ्या स्पीकरमुळे काकाही पडद्यावरच्या जवानांशी ओरडून बोलत, त्याचं एक प्रकरणही झालं. शेजारच्या बिसेनांच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. रविवार, दुपार. बिसेनांच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. पाहुण्यांची गाडी पूर्वेच्या रस्त्याने आली, मंडळी उतरली, आणि भिंतीपलीकडून काकांचा आवाज: "पूर्वेकडून आले. येऊ द्या. अजून जवळ येऊ द्या. घाई करू नका. पुढचा मोठा दिसते, त्याले आधी धरा."

पुढे मुलाचे मामा होते आणि ते मोठे होते. पाहुणे दारातच थबकले. बिसेन धावत काकांकडे आले, त्यांच्या मागे मामाही आले, काय प्रकार आहे पाहायला. पडद्यावर विमान पडताना पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. तिकडे मुलगी पोह्यांची बशी घेऊन उभी, इकडे मामा विचारतायत, "मग हे दुसरं रडार कायले बंद ठेवलं?" शेवटी मुलाची आई भिंतीवरून ओरडली तेव्हा उठले. स्थळ जमलं नाही. बिसेनांनी काही दिवस काकांवर राग धरला. काकूंनी निकाल दिला, "बरं झालं वो. पोट्टा बुटका होता. मी शिडीवरून पाहिला."

मला सालेकसाला एका आश्रमशाळेच्या कामासाठी जायचं होतं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, मी येतो. मला वाटलं, फिरायला येत असतील. पण त्यांना डोंगर पाहायचे होते. "इकडे सगळी बांधी. सपाट. डोंगराआडून आलेलं विमान कसं दिसत असेल हे मी विसरून गेलो." माझं काम झाल्यावर त्यांनी एका टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली रुमाल पसरला, बसले, आणि मला म्हणाले, "आता तुम्ही विमान. खालच्या रस्त्यानं जा, रेल्वेलाइन ओलांडा, आणि फोन चालू ठेवा. मला दिसले की सांगतो."

मी दोन मुलांची आई, स्वतःचा धंदा चालवणारी बाई, आणि सालेकसाच्या रस्त्यावर विमान झाले. फोनवर काका: "दिसल्या... गेल्या... अजून गेलेल्याच आहात... इतका वेळ? ताई, वळण कोणतं ते सांगा." मालगाडी आली तेव्हा तर त्यांना माझी गाडी मालगाडीआड पूर्णच हरवली. इतका आनंद झाला त्यांना, जणू मी काही पराक्रम केला. परत येताना रस्ताभर ते बोलत होते, खेळातल्या नकाशावर नाल्याच्या बाजूला एक रडार खाली ठेवावं लागेल, एक वर. मोहफुलं वेचणारी दोन माणसं आमच्याकडे कशी पाहत होती ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर त्यांची मांडणी अभेद्य झाली. आणि तिथून कटकट सुरू झाली.

आधी उडवणाऱ्यांना मजा आली. मग येईनाशी झाली. किती रविवार गेले, कोणीही विमानतळापर्यंत पोचेना. नाल्यातून आले तरी पडत, उंचावरून आले तरी पडत. पुण्याचा एक दिवस म्हणाला, "काका, राग मानू नका, पण हरायचंच असेल तर मी ऑफिसलाच जाईन ना रविवारी." मिठाईवाला म्हणाला, "अंकल, मज़ा नहीं आ रहा." पुढच्या रविवारी दोघेच आले. त्याच्या पुढच्या रविवारी डॉक्टर एकटे. मग कोणीच नाही.

मी तेव्हा काकांकडे जुना राउटर बदलायला गेले होते. धान कापणीचे दिवस, गावात माणूस नाही. काका बूट घालून पडद्यासमोर बसलेले. दोन वाजून गेलेले. पडद्यावर रडार फिरत होतं. आकाश रिकामं. ओट्यावर झाकून ठेवलेली भजी थंड झालेली.

"लाइन ठीक आहे," मी म्हटलं. ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हटलं.

"हाव. लाइन ठीकच आहे."

काकू आतून आल्या आणि माझ्यासमोरच सुरू झाल्या. "ठेवा ना एक रस्ता मोकरा. येतीन जातीन पोट्टे. काय जाते तुमचं? ते काय खरोखरचं विमानतळ हाये?"

"मुद्दाम भोक ठेवू?"

"ठेवा. कुंपनाले नाई ठेवत का मांजरीसाठी?"

"मग ते जिंकणार नाहीत. मी त्यांना जिंकवणार. लहान पोरांशी हरल्यासारखं करतात तसं. आणि ज्या दिवशी त्यांना समजेल, त्या दिवशी ते तोंड दाखवणार नाहीत."

"आता कुठी तोंड दाखवून रायले?"

मला विचारलं असतं तर मी काकूंच्या बाजूने मत दिलं असतं, सरळ भोक ठेवा म्हणून. धंद्यात मी तेच करते. पण मला कोणी विचारलं नाही.

काकू भजीची ताटली घेऊन आल्या, टेबलावर आपटली, आणि पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "आनि हे तुमचे जवान. सकाळपासून संध्याकाळवरी बसूनच हायेत मेले. जेवत-खात नाईत का हे? हागा-मुताले तरी जात असतीन?"

काका काकूंकडे पाहत राहिले. मग पडद्याकडे. मग एक भजं उचललं, खाल्लं नाही, हातातच धरून बसले.

"खऱ्यात रडार बंद करावं लागते," ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. "रोज. तेल-पाणी पाहायले. जवान बदलायले. तेवढा वेळ शेजारचं रडार सांभाळते. आणि त्या वेळेची आम्हाले सगळ्यात जास्त भीती असायची. इथं माझं एकही रडार थकत नाही. एकही जवान उठत नाही. ताई, मीच खोटं खेळून राहिलो."

त्या आठवड्यात त्यांनी सगळी मांडणी मोडली. प्रत्येक रडारला विश्रांती लावली. कोणतं कधी बंद होणार, कोण त्याची जागा सांभाळणार, हे खऱ्या तुकडीत करत तसं ठरवलं. यंत्रं मोजकी, त्यामुळे मध्येच काही मिनिटं अशी येत की एका बाजूला पहारा पातळ पडे. ती मिनिटं लपवता येतील तितकी त्यांनी लपवली. भोक ठेवलं नाही. फक्त जवानांना जेवायला सोडलं. उडवणाऱ्यांना निरोप एवढाच पाठवला: नवीन मांडणी आहे, आता आमची माणसंही थकतात, जमल्यास यावे.

रविवारी दोन वाजता मी मुद्दाम गेले नाही. कोणी आलं नसतं तर पाहायला आवडलं नसतं. तीन वाजता काकूंचा फोन आला. "डॉक्टर आला, वो बाई. पडला. पन आला." मागून काकांचा आवाज येत होता, "कोणाशी बोलून राहिली? रेंज व्यापू नको!" फोनचा आणि त्यांच्या लाइनचा काही संबंध नाही हे मी त्यांना पन्नासदा सांगितलं होतं.

हळूहळू बाकीचेही आले. आता ते लगेच हल्ला करत नसत. एक जण लांब थांबून पाहत राही, कोणतं रडार कधी गप्प होतं ते हेरत राही. भांडत, टिपणं घेत, एकमेकांना शिव्या देत. धीर पाहिजे म्हणणाऱ्या माणसासमोर चार माणसं धीर शिकत होती, आणि तो हात मांडीवर ठेवून ऐकत होता.

दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, दिवस होते तेव्हाची गोष्ट. गावात दंडारीच्या नाच-नाटकाची तयारी चाललेली, घराघरांत पाहुणे. मी काकूंकडे फराळ द्यायला गेले होते. हल्ला चालू होता. पुण्याचा उंचावरून आला आणि त्याने सगळी रडारं स्वतःकडे खेचली. मिठाईवाला पडता पडता ओरडला, "अभी! डॉक्टर साहब, अभी!" आणि डॉक्टर नाल्यातून, नेमक्या त्या पातळ मिनिटांत, आले. धावपट्टीवर बॉम्ब पडला. स्पीकरमधून जो गोंधळ झाला त्याने बोडीवरचे बगळे उडाले असतील.

काका उभे राहिले. मला वाटलं, चिडले. त्यांनी स्पीकरजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "शाब्बास. आता शांतपणे सांगा. कोणत्या वळणावर आत शिरले?" मग तासभर तेच. कसे आलात, कधी ओळखलंत, कोणी पहिल्यांदा पाहिलं. हरलेल्या माणसाचा इतका प्रसन्न चेहरा मी धंद्यात तरी पाहिलेला नाही.

काकू शेजाऱ्यांना अनारसे वाटून आल्या. बिसेनीणबाईंनी विचारलं काय विशेष, तर भिंतीवरून ताटली पुढे करत म्हणाल्या, "आमचं विमानतळ उडवलं पोट्ट्यायनं." बिरसीत उभं राहून हे बोलल्यावर बिसेनीणबाई आधी कुठे पाहतील? विमानतळाच्या दिशेने पाहिलं, मग अनारसा घेतला.

त्यानंतर दोन वर्षं हा रविवार चालला. कधी पोट्टे जिंकत, जास्त वेळा हरत. मग काकूंचे गुडघे गेले, काकांचं हृदय कुरकुरायला लागलं, आणि मुलीने दोघांना भिलाईला न्यायचं ठरवलं. काकांनी विरोध केला नाही. मला फोन करून लाइन कधी बंद करायची ते रीतसर सांगितलं. भिलाईला गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मला काकूंनी कळवलं, नेहमीसारखं, दोन वाक्यांत.

दोघं भिलाईला जाण्याच्या आधीच्या रविवारी मी राउटर काढून घ्यायला गेले होते. फाटकाबाहेर नागपूरची गाडी उभी. आत अंगणात चार अनोळखी माणसं. चौघे ठरवून आले होते, काकांना न सांगता. मिठाईवाला जबलपूरच्या गाडीने आला होता, हातात खव्याचा डबा. त्याचा आवाज ऐकून मी धिप्पाड माणूस समजत होते, तर हा काडीसारखा. काका दारात उभे, ओळख लागेना. मग डॉक्टर म्हणाले, "कटरे काका, दोन वाजले." आवाज ऐकताच काकांचा चेहरा बदलला. एकेकाला बोलायला लावून त्यांनी एकेकाला ओळखलं. पुण्याच्याने काकूंना वाकून नमस्कार केला, आणि काकूंनी त्याच्या पाठीत धपका घातला, "इतला बारीक. जेवत नाईस का रे?"

जेवण झालं. काकूंचं जास्तीचं पीठ पहिल्यांदा, ज्यांच्यासाठी होतं त्यांच्या पोटात गेलं. बोलणं कसलं, तर जबलपूरच्या खव्याच्या भावाचं, पुण्याच्या घरभाड्याचं, प्राध्यापकांच्या मुलीच्या परीक्षेचं. रडारचं कोणी नाव काढलं नाही.

मी राउटर पिशवीत घालत होते. डॉक्टरांनी पाहिलं की काका एकाच बाजूने चावतात.

"काका, उजवीकडे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही काय!" काकू म्हणाल्या. "दोन महिने झाले, लवंग दाबून दाबून बसते. सांगत नाई कोनाले."

डॉक्टर उठले. काका म्हणाले राहू द्या, पाहुणे आहात. पाहुण्यांनी ऐकलं नाही. पुण्याच्याने प्लास्टिकची खुर्ची उचलून अंगणात उन्हात ठेवली, प्राध्यापकांनी काकांचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात घातला, डॉक्टरांनी हात धुतले आणि मोबाइलचा दिवा लावला. "आ करा. अजून. अजून, काका." काकू मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरत म्हणाल्या, "आता हालून पाहा तुमी."

माझा फोन वाजला, कामठ्याला तार तुटली होती. मी फाटकातून गाडी काढली आणि एकदा मागे पाहिलं. काकांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांच्यावर वाकलेल्या पाठी दिसत होत्या, आणि त्या गर्दीतून बाहेर आलेला त्यांचा एक हात. त्या हाताने जबलपूरवाल्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.